मागच्या टायरांची हवा

ती पिकअप कच्च्या रस्त्याने ठाण्यात आणताना मला एकही हादरा बसला नाही, हे मी निवृत्त झालो तरी विसरलेलो नाही. नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले, पण त्या सकाळी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून जो हुरूप चढला तो पुन्हा कधी चढला नाही.

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एक माणूस पायी ठाण्यात आला. शर्ट फाटलेला, मनगटावर दोरीचे वळ. मालवाहू पिकअपचा ड्रायव्हर होता. चिखलीच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानातल्या, विहिरीवर बसवायच्या पाण्याच्या मोटारी आदल्या संध्याकाळी गाडीत भरून तो पहाटे बीबी गावाकडे निघाला होता. आमच्या हद्दीतल्या वळणावर चौघांनी मोटारसायकली आडव्या लावल्या, त्याला बांधून झुडपात टाकलं आणि मालासकट गाडी पळवली, असं त्याचं म्हणणं.

"तोंडं बांधेल होती साहेब," तो म्हणाला. "पण एकाचा आवाज मी वळखला. माह्या आधी तोच चालवत होता ही गाडी. देऊळघाटचा हाये."

फिर्याद लिहून झाली, स्टेशन डायरीला नोंद झाली, आणि दोन शिपाई देऊळघाटला रवाना केले. तेवढ्यात एका शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, आमच्या वावराच्या धुऱ्याजवळ, बांधाले लागून एक पिकअप उभी हाये. माणूस कोणीच नाई अन् चाबी लागेल हाये."

मी स्वतः गेलो. मागचा हौदा रिकामा. जागेचा पंचनामा केला, ठसे घेणाऱ्यांचं काम उरकलं. मग आमच्या जीपचे चालक हवालदार पिकअपच्या स्टिअरिंगवर बसले आणि मी त्यांच्या शेजारी. फिर्यादीला ठाण्यातच बसवून ठेवलं होतं.

रिकाम्या पिकअपमधून कच्च्या रस्त्याने ज्याने प्रवास केला असेल त्याला पुढचं लगेच कळेल. मालाच्या गाडीच्या मागच्या टायरांत ओझ्यासाठी हवा कडक भरतात. माल उतरला की तीच हवा गाडीला नाचवते. डोकं टपाला लागतं आणि बोलायला जावं तर जीभ दाताखाली येते. जप्त केलेल्या गाड्या आणताना मी हे पुष्कळ सोसलं होतं. आणि आज गाडी शहाण्या बैलासारखी चालली होती.

"मागं हवा कमी आहे का हो?" मी हवालदारांना विचारलं.

"पंक्चर नसन साहेब. दोन्हीकून सारखीच बसली हाये."

गाडी थांबवून मी खाली उतरलो. चारही टायर नवेकोरे, रबराचे बारीक केसही पुरते झडले नव्हते. मागच्या दोन्ही टायरांच्या व्हॉल्व्हवर टोप्या घट्ट बसवलेल्या होत्या. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. मालाची गाडी पळवणारे चौघे, जीव मुठीत धरून पळताहेत, आणि जाता जाता टायरची हवा काढून टोपी परत लावताहेत. असले टापटिपीचे चोर आमच्या जिल्ह्यात तरी मी पाहिले नव्हते.

ठाण्याच्या आवारात दोन पंच बोलावले, समोरच्या पंक्चरवाल्याकडून हवा मोजायचा काटा आणवला. डावा टायर अडतीस पौंड. उजवा अडतीस पौंड. मी दोनदा मोजायला लावलं आणि पंचनाम्यात घेतलं. चिखलीच्या ठाण्यातल्या मित्राला फोन करून, या गाडीने काल हवा कुठे भरली ते शोधायला सांगितलं.

आत आलो तर देऊळघाटचा तरुण बाकावर बसलेला, आणि दारात त्याचे वडील उभे.

"साहेब," म्हातारा हळूच म्हणाला, "पोराचं एसटीत ड्रायव्हर म्हणून झालं हाये. चारित्र्याचे कागद तुमच्याच खात्याकडं येऊन पडेल हायेत. आज तुमी याले आत टाकलं तर एसटीवाल्याइले काय लेहून देसान?"

त्याचं नाव फिर्यादीत होतं. पहाटे घरी झोपलो होतो, एवढंच तो सांगत होता आणि साक्षीला घरचीच माणसं. वरून फोन सुरू झाले होते, संशयिताचं काय केलं म्हणून. संध्याकाळपर्यंत अटक करायची की सोडायचं, हे मला ठरवायचं होतं.

चिखलीहून निरोप आला. पेट्रोल पंपावरच्या हवा भरणाऱ्याला गाडी पक्की आठवत होती. माल भरल्यावर मागे साठ पौंड भरून घेतली. त्याच्या मीटरवर भरवसा नाही म्हणून ड्रायव्हरने स्वतःच्या काट्याने पुन्हा मोजली.

मला टेबलावर थाप मारावीशी वाटली. पण हवालदारांनी माझा हुरूप खाली उतरवला. "साहेब, देऊळघाटचा बी ड्रायव्हरच हाये. त्यानंच काहाडली असन हवा, मंग?"

बोलणं खरं होतं. मी खुर्चीत बसलो आणि पुन्हा तो निरोप मनात घोळवला. स्वतःच्या काट्याने मोजली. तिथे मी उठलो.

फिर्यादीला माझ्या खोलीत बोलावलं, चहा मागवला. चौकशीत माणूस आखडला की मी साहेबी मराठी बाजूला ठेवतो आणि घरची बोली काढतो. दरोड्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

"गाडी मोठी मस्त ठेवली बे तू. टायर काल-परवाचे दिसतेत."

त्याचा चेहरा उजळला. "महिना बी नाई झाला साहेब. मालक म्हने, घासेल टायरवर नवं रबर चढवून घे. मी म्हनलं, लोड माह्या जीवावर चालते, मी तसल्या टायरवर नाई बसत."

"अन् हवा?"

"हवा तं मेन गोष्ट हाये. लोड असला की मांगं साठ पाह्यजे. कमी असली की टायर बाजूनं गरम होते अन् भर रस्त्यात फुटते. अन् गाडी खाली झाली की लगेच अडतीसवर आणावं लागते. नाई आणली तं टायर मधातूनच घासते."

"सारे ड्रायव्हर असंच करतेत?"

"कायचं करतेत साहेब. लाथ मारून पाहतेत अन् चालले. देऊळघाटवाला बी तसाच होता. मी बिना काट्याचं कामच नाई करत."

"काटा पंपावरचा?"

"नाई हो, माह्या सोताचा." आणि त्याने फाटक्या शर्टाच्या खिशातून पेनाएवढा काटा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

पंचनामा त्याच्यापुढे सरकवला आणि दोन्ही टायरांच्या आकड्यांवर बोट ठेवलं. त्याने वाचलं. चहाचा कप खाली ठेवला.

"गाडी चोरायनं नेली तवा तू झुडपात बांधेल होता," मी म्हणालो. "काटा तुह्या खिशात होता. मंग गाडी खाली झाल्यावर बरोब्बर अडतीस कोणं केली?"

त्याने काट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सवय हाये साहेब. हात आपोआप गेला."

पुढचं सरळ झालं. बीबीजवळ त्याच्या साडूच्या शेतात एक पत्र्याचं शेड होतं; रात्रीच तिथे माल उतरवून त्याने रिकामी गाडी परत आणून आमच्या हद्दीत सोडली होती. त्याने पंचांसमक्ष निवेदन दिलं, आम्ही गाड्या काढल्या आणि दिवस मावळायच्या आत कडब्याखालून सगळ्या मोटारी बाहेर आल्या. मनगटाचे वळ साडूनेच दोरी आवळून उठवले होते. देऊळघाटच्या तरुणाचं नाव का घेतलं, असं विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "एसटीच्या परीक्षेले दोघं संगंच बसलो होतो."

रात्र पडायच्या आत मी त्या तरुणाला सोडलं आणि तपासात त्याचा काही संबंध आढळला नाही, असं स्वच्छ लिहून दिलं. म्हाताऱ्याने माझे हात हातात घेतले आणि पोराला घेऊन निघून गेला.

पोलिसाकडे येणारा माणूस काय बोलायचं ते घरून ठरवून येतो. कपडे फाडतो, दोरीचे वळ उठवून आणतो. पण रोजच्या कामाची सवय लपवायचं त्याच्या ध्यानात राहत नाही. त्या दिवसापासून मी गुन्ह्याबद्दल विचारायच्या आधी माणसाला त्याच्या धंद्याबद्दल विचारत आलो. आणि कबूल केलं पाहिजे, टायरबद्दल तो बोलला ते अक्षर न् अक्षर खरं होतं. ओळखीचा कोणी मालाची गाडी घेतो तेव्हा मी त्याला तेच सांगतो, फक्त कोणाकडून शिकलो ते सांगत नाही.

निवृत्तीनंतर एकदा चिखलीच्या स्टँडवर बुलडाण्याच्या गाडीत चढत होतो. खाकीतला ड्रायव्हर गाडीभोवती फिरत होता, हातात टॉमीचा लोखंडी दांडा, एकेका टायरवर ठोकून आवाज ऐकत. मागच्या चाकाजवळ आमची नजरानजर झाली. देऊळघाटच्या त्या पोराला मी ओळखायच्या आधी त्याने मला ओळखलं.

"बसा साहेब," तो म्हणाला. "हवा पाह्यली मी."