पंखा बंद, वारा चालू

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी देव आणि भुते दोन्ही आमच्या घरातून गेली. पुढे माझी सारी नोकरी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तापमापक यंत्रे सांभाळण्यात गेली. जे तपासता येत नाही त्यावर मी बोलत नाही. पुढील प्रसंग तपासलेला आहे, म्हणून लिहितो.

आम्ही अंबरनाथला, बुवापाड्यात राहतो. माझी नात प्रज्ञा कॉलेजात आहे. गेमिंगच्या एका संघासाठी शनिवारी दुपारी तिचा निवड-सामना होता. लॅपटॉप मध्येच बंद पडला तर जागा दुसऱ्याला, असा नियम. आणि खेळताना तिच्या लॅपटॉपचा प्रोसेसर शंभर अंशांपर्यंत तापून तो बंदच पडत होता.

शुक्रवारी मी तो उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या हरेशच्या दुकानात नेला. त्याने पंखे उतरवून धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. तेवढ्यात नेहमीप्रमाणे शुक्रवारची वीज गेली. मोबाइलच्या उजेडात त्याने झाकण बसवले.

"गेम लावून दाखव," मी म्हणालो.

"बॅटरी पे पूरा लोड नहीं लेगा, दादाजी. घर जाके चार्जर लगाओ. एकदम टकाटक!"

शनिवारी सामना सुरू झाला. मी शेजारी बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसत होते — एकसष्ट. उत्तम. मग प्रज्ञा हळूच म्हणाली, "आबा, फॅनचा स्पीड झीरो दाखवतोय."

हरेशला फोन लावला. तो ओरडलाच. "अरे साईं! अंधेरे में फॅन की वायर लगाना रह गया! बंद करो, नहीं तो अभी खुद बंद हो जाएगा."

"बंद केला तर मी गेलेच ना," प्रज्ञा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आबा, गप्प बसा जरा."

बसलो. आकडा एकसष्टच. मापक चुकत असेल, म्हणून लॅपटॉपच्या मागच्या जाळीपाशी हात नेला... वारा येत होता. मे महिन्याच्या दुपारी, थंड वारा. मी छताचा पंखा बंद केला, खिडकी लावली. वर्तमानपत्राची पट्टी फाडून जाळीसमोर धरली — ती फडफडत राहिली. आवाज मात्र कसलाच नाही. सामना संपला, प्रज्ञाने गेम बंद केला आणि पट्टी माझ्या हातातच खाली लोंबली.

संध्याकाळी हरेशने माझ्यासमोर झाकण उघडले. दोन्ही पंख्यांच्या वायरी सुट्या होत्या. त्या जोडून गेम लावला, तर पारा पंचाऐंशीवर. मी त्याला त्या पुन्हा काढायला लावल्या. काही मिनिटांत लॅपटॉप बंद पडला.

"दादाजी," हरेश म्हणाला, "मेरेको मत पूछो."

प्रज्ञाची निवड झाली. पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिने विचारले, "आबा, वायरी काढून ठेवूया का?"

"नाही."

"का?"

मी वर्तमानपत्राची एक नवी पट्टी फाडली आणि उद्या जाळीसमोर धरायला तिच्या लॅपटॉपजवळ ठेवली.