रिकामी डबी चालणार नाही

डबीमावशी वस्तीत शिरल्या की आधी त्यांचा आवाज पोचतो आणि मागून त्या. "डब्या काढा गं! रिकामी डबी चालणार नाही, आधीच सांगते!" सकाळी साडेसहाची वेळ, पाणी भरायची गडबड, शाळेची घाई, आणि त्यात ही बाई दारात उभी राहून पोराबाळांची शी मागते. दुसरं कोणी असतं तर लोकांनी पिटाळून लावलं असतं. मावशींना बसायला स्टूल देतात.

गेली नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करते. म्हणजे त्या डब्या आणतात आणि मी त्या उघडते. आमचं संशोधन केंद्र पोटातल्या जंतांवर काम करतं. पाच देशांत एकच अभ्यास एकाच पद्धतीने चालू आहे. मुलांना नवं औषध द्यायचं, औषधाआधी एकदा आणि तीन आठवड्यांनंतर एकदा डबी घ्यायची, त्यातलं चिमूटभर जाळीतून गाळून काचेवर थापायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची. मोजते मी. कोणी विचारलं की काय काम करता, तर मी "मोजणीचं" म्हणते आणि विषय बदलते. मावशी नाही बदलत. भर जेवणात सुरू होतात, आणि वर म्हणतात, "का गं, तुम्हाला होत नाही का?"

आधी बारा वर्षं त्या शाळेत आया होत्या. वस्तीतलं प्रत्येक पोर त्यांना नाकाच्या शेंबडापासून ठाऊक. डब्या ठेवायला त्यांच्याकडे एक भलामोठा एप्रन आहे. त्याला चाळीस खिसे, प्रत्येक खिशावर आकडा. चौथ्या गल्लीतल्या शिवणकामवालीने तो शिवून दिला. डब्या भरून मावशी परत यायला लागल्या की शिपाईसुद्धा दोन पावलं मागे सरकतो. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव डब्या भरलेल्या आणणारी बाई पाचही देशांत दुसरी नव्हती. मावशींना याचा भयंकर अभिमान. मला कधीकधी त्या अठ्ठ्याण्णवचा वैताग यायचा, कारण उघडायच्या मलाच होत्या.

तर एका सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. मोठे डॉक्टर म्हणजे केंद्राचे प्रमुख. एरवी हसरा माणूस, त्या दिवशी चेहरा पडलेला. प्रत्येक डबीतला थोडा नमुना स्पिरिटमध्ये घालून आम्ही परदेशातल्या मुख्य प्रयोगशाळेला पाठवतो. तिथे नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे तपासतात. शी कुणाची, हेही त्यांना कळतं. तिथल्या प्रमुख बाईंचं पत्र आलं होतं. आम्ही त्यांना फक्त पडद्यावर पाहिलेलं, म्हणून आमच्यात त्यांचं नाव पडद्यावरच्या बाई.

"चौथ्या गल्लीतली सहा घरं," डॉक्टर म्हणाले. "एकवीस डब्या. पण मुलं एकवीस नाहीत. प्रत्येक घरात सगळ्या डब्या एकाच मुलाच्या आहेत."

याचा अर्थ उघड होता. कोणीतरी बसल्या जागी डब्या भरल्या. शुक्रवारी पडद्यावर खुलासा द्यायचा, नाहीतर आमचं केंद्र अभ्यासातून बाहेर. चार वर्षांचं काम पाण्यात आणि मावशींच्या नावाला कायमचा डाग.

डॉक्टर मावशींकडे बघेनात, खिडकीकडे बघायला लागले. मावशी समजल्या.

"माझ्याकडे बघून विचारा की, मीच भरल्या का," त्या म्हणाल्या. "नाही भरल्या. या हातांनी नऊ वर्षांत खोटी डबी आणलेली नाही. कोणी भरल्या ते उद्या सांगते."

खरं सांगायचं तर मला स्वतःचाच राग आला होता. शिवणकामवालीची चार मुलं. औषधानंतरच्या चौघांच्या काचा मीच मोजल्या होत्या. चारही काचांवर तीच लिंबासारखी अंडी, दोन्ही टोकांना बटण, आकडेही जवळजवळ सारखे. तेव्हा मी काय म्हटलं? "या घरात औषध लागूच पडत नाही वाटतं." असं लिहून, पुढची डबी उघडली. मोजायला बसवलेल्या बाईने विचार करू नये असा काही नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. एकच खोली, दाराशी शिलाई मशीन, जमिनीवर कापडाच्या चिंध्या. तीन मोठी मुलं शाळेत गेलेली. धाकटी चार वर्षांची, मशीनच्या पायाशी रिकाम्या रिळांशी खेळत होती. तिला सगळी गल्ली घड्याळ म्हणायची, कारण सकाळी उठल्या उठल्या तिचं काम फत्ते. दिवसातून चारपाचदाही व्हायचं. आईला भारी कौतुक, "आमचं घड्याळ कधी चुकत नाही."

मावशींनी सरळ विचारलं, "चारी डब्या हिच्याच का?"

शिवणकामवालीचं मशीन थांबलं. ती एकदम उसळली.

"मग काय करू? सात वाजता तिघांना शाळेत पोचवायचं. मोठ्याला वेळेवर होत नाही, मधल्या दोघी लाजतात, दार लावून नुसत्या बसून राहतात. आणि तुम्ही दारात उभ्या! 'रिकामी डबी चालणार नाही, रिकामी डबी चालणार नाही.' मागच्या खेपेला शेजारणीची डबी रिकामी होती तर सगळ्या गल्लीसमोर तिला झापलंत तुम्ही. घड्याळाचं होतं, भरपूर होतं, दिलं वाटून. शी ती शी! त्यात कुणाचं नाव लिहिलेलं असतं का?"

एरवी या वाक्यावर मावशी पोट धरून हसल्या असत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. शिवणकामवालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाकीच्या पाच घरांतही तीच कहाणी निघाली.

शुक्रवारी बैठकीआधी मोठे डॉक्टर म्हणाले, "मावशी, आपण असं सांगू की बायकांचा समजुतीचा घोटाळा झाला. तुमचं नाव मधे येतच नाही." माणूस वाईट नाही, त्यांना मावशींना वाचवायचं होतं.

"बायकांवर ढकलायचं नाही," मावशी म्हणाल्या. "त्यांनी मला हवं होतं तेच दिलं. मी सांगते तसं तिकडच्या भाषेत सांगा, आणि मधे गोड करू नका."

पडद्यावर पाच चौकोन उघडले. मावशी एप्रन घालूनच उभ्या राहिल्या, चाळीस खिसे पुढे करून. "डब्या मुलांच्या आयांनी भरल्या, पण त्या माझ्या धाकाने. मला भरलेल्या डब्यांचा लोभ होता. रिकामी डबी दिसली की मी ओरडायचे. बाई म्हणाल्या मला काढा, तर मी जाईन. पण त्या सहा घरांना काढू नका, त्यांच्या डब्या पुन्हा घ्या." डॉक्टरांनी भाषांतर केलं. गोड केलं नाही, कारण मावशी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

पडद्यावरच्या बाई बराच वेळ काही लिहीत राहिल्या. मग त्यांनी वर बघून बाकीच्या देशांना विचारलं, "तुमच्याकडे रिकाम्या डबीवर ओरडतात का? खरं सांगा."

मग एका चौकोनात एका उंच दादांनी हात वर केला. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. शेवटी बाईंनी स्वतःचाही हात वर केला. "शंभरात पंच्याण्णव डब्या भरलेल्याच हव्यात, हे मीच सगळ्यांना लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "मी कागदावर ओरडले." डॉक्टरांनी हे सांगितल्यावर मावशी मला हळूच म्हणाल्या, "बाई आपल्यातलीच निघाली गं!" माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी पाचही देशांच्या फॉर्मवर एक नवा चौकोन आला: 'आज झालं नाही.' तो भरायला कसलीच लाज नाही. डबी दुसऱ्या दिवशी घ्यायची, तिसऱ्या दिवशी घ्यायची.

सहा घरांच्या डब्या पुन्हा घेतल्या. मधल्या दोघींना तर चार दिवस लागले. मी शिवणकामवालीच्या घरच्या काचा लावल्या. मोठा, स्वच्छ. मधली, स्वच्छ. दुसरी मधली, स्वच्छ. औषध उत्तम लागू पडलं होतं. मग मी चौथी काच लावली आणि मोजता मोजता थांबले. तीच लिंबासारखी अंडी, मागच्या चार काचांवर होती त्याहूनही जास्त. त्या खेळकर, वेळेवरच्या पोरीच्या आतड्यात जंतांचं रान माजलं होतं. ज्याचं आम्ही सगळे घड्याळ घड्याळ म्हणून कौतुक करत होतो, ते जुलाब होते. चौघं सारखीच आजारी दिसत होती, म्हणून खरी आजारी असलेली एक कुणाला दिसलीच नाही. मी काच तशीच ठेवून मावशींना हाक मारली.

मावशींनी तिला कडेवर घेऊनच डॉक्टरांसमोर आणलं. रक्त तपासलं तर असायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. पोर फिकी पडली होती आणि आम्ही तिला गोरी म्हणत होतो. पडद्यावरच्या बाईंनी त्याच दिवशी दुसरं औषध जोडून द्यायचं कळवलं. त्यांनी ते दुसऱ्या एका देशात वापरून पाहिलं होतं. आठ दिवस ती दवाखान्यात होती. शिवणकामवाली उशाशी बसून हातशिलाई करायची आणि मावशी रोज जाऊन त्या पोरीला रिळं नेऊन द्यायच्या.

दुसरं औषध लागू पडलं का ते बघायला तीन महिन्यांनी तिची शेवटची डबी घ्यायची होती. मी मुद्दाम मावशींबरोबर गेले. दारात घड्याळ उभं होतं, गाल भरलेले, हातात डबी. मावशींनी झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

"आज नाही झालं!" पोरगी ऐटीत म्हणाली. "कालपण नाही झालं!"

मावशींनी फॉर्म काढला, नव्या चौकोनात खूण केली आणि रिकामी डबी तिच्या आकड्याच्या खिशात नीट ठेवली. मग पदराने डोळे पुसले आणि पुढच्या दाराकडे वळून ओरडल्या, "डब्या काढा गं! झालं नसेल तर तसं सांगा!"