हाउसिंगला लावलेला काळा रंग

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत आमच्या मालकानं दिग्रसच्या जिनिंगला कापूस वाहायचं भाडं सोडलं आणि जुना विलायती ट्रक राजूरच्या खाणीच्या कोळशाला लावला. कापूस हलका, पण कोळसा जीव काढतो. या ट्रकच्या मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्यात, दोन स्पीड होते. गिअरच्या दांडीवरचं बटण खाली ओढलं की हाउसिंगवरची लहान मोटर आतला गिअर सरकवायची आणि गाडी ओझं ओढायची.

दसऱ्यानंतर हे बिनसलं. चढावर बटण ओढलं की गिअर अर्ध्यात अडकायचा. इंजिन बोंबलतंय आणि चाक जागेवर! ब्रेक दाबून ड्रायव्हर घामाघूम.

मिस्त्री मी. तीन दिवस त्या गाडीखाली होतो. जेवण गोड लागेना, कोणी हाक मारली तरी अंगावर जायचो. बटण बदललं, वायर बदलली. टेस्टिंगचा बल्ब मोटरच्या वायरला लावला, दुसरं टोक चेसिसला. लख्ख पेटला. म्हणजे करंट येतोय. मग बिघाड कुठं?

मालक ट्रकच्या अड्ड्यावर येऊन उभे राहिले. "गाडीत खोट हाय का ड्रायव्हरात? ड्रायव्हरात असन तर आजच चावी काढून घेतो."

ड्रायव्हर तांड्यावरचा, वीस वर्षं या एकाच गाडीवर. म्हणाला, "मी अॅक्सिलेटर सोडूनच बटण ओढतो, मिस्त्री. तुमीच शिकवलं."

"कायचं शिकवलं! हात चालत नाही तुहा आता," मी चारचौघांत ओरडलो. "ड्रायव्हरच खराब हाय, मालक."

त्यानं चावी बोनटवर ठेवली आणि डबा घेऊन निघून गेला. आयला, तेव्हा मला बरंच वाटलं. सुटलो एकदाचा, असं.

आठवड्यात नवा ड्रायव्हरही चढावर तसाच अडकला. भरली गाडी मागे घसरत बांधाला टेकली म्हणून वाचला. मी पुन्हा खाली शिरलो. या खेपेला बल्बचं दुसरं टोक चेसिसऐवजी मोटरच्या अंगाला लावलं. बल्ब मिणमिणला. मोटरची अर्थिंगची तार खोलली तर तिच्याखाली जाड काळा रंग; करंटची परतीची वाटच त्यानं अडवलेली.

तो रंग माझाच. दसऱ्याला गाडी पुजायची म्हणून हौसेनं हाउसिंग रंगवलं होतं आणि ओल्या रंगावरच तार कसली होती. पान्याच्या टोकानं खरवडलं, तार आवळली, बटण ओढलं. टक् करून गिअर बसला.

तडक तांड्यावर गेलो. तो दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होता, बोटं बोंडांनी सोललेली. मी सगळं सांगितलं. त्यानं वेचणं थांबवलं नाही.

"मालकाले सांगतलं का?"

"नाही अजून."

"मंग मले कायले सांगून राह्यला? मले तर पहिलेच मालूम होतं, माह्या हातात खोट नाही म्हणून." मग वर पाहिलं. "जिथं बोलला, त्याच चारचौघांत जाऊन बोल."

तांड्यावरून मालकाचा अड्डा सायकलनं तासाभराचा. तिथं पोचून चारचौघांत ते बोलायला मला चार दिवस लागले. तोवर मालकानं नव्या ड्रायव्हरला कायम केलं होतं.