माव्याची शेंग

स्वतःच्या घरी शिजवणार नाही अशी शेंग तुम्ही दुसऱ्याच्या पिशवीत घालाल का?

माझी आत्या घालायला निघाली होती. पोलादपूरजवळ भात कापलेल्या शेतात तिने वाल लावला होता. हवा ढगाळ झाली आणि मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर काळ्या किड्यांची दाटी, शेंगा चिकट. तिने संध्याकाळी औषध मारलं आणि सकाळी त्याच शेंगा महाडच्या बाजारासाठी तोडायला घेतल्या. विहिरीकडची एक ओळ मात्र फवारलेली नव्हती. ती घरची.

चवदार तळ्यावर वाटलेली पत्रकं वाचत मी वाढले. छापलेलं दिसलं की वाचतेच. फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, ते बाटलीवर लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलं.

"धुऊन नेते ना गो," आत्या म्हणाली.

"धुतल्यानं मावा जाईल. झाडात भिनलेलं औषध कसं जाईल?"

"मग माव्यासकट नेऊ? कोन घेनार, तुझा बा?"

"घरची ओळ तोड. मी येते बाजारात बसायला."

बाजारात मला एका जागी बसवेना. बायका शेंग उचलायच्या, बोटं चिकटली की टाकून द्यायच्या. शेजारच्या पाटीतल्या स्वच्छ शेंगा भराभर संपत होत्या. त्या कधी फवारल्या, हे कुणी विचारत नव्हतं. मी प्रत्येकीला माव्याबद्दल समजावत सुटले. एक काकू म्हणाल्या, "पोरी, भाषण छान आहे, पण त्याची भाजी होत नाही."

आत्या खळखळून हसली. दुपारी पाटी जवळजवळ भरलेलीच उचलली.

एसटीत ती म्हणाली, "थांबले तर फवारलेल्या शेंगा जून होतील. या अशा कोन घेत नाय. मी काय करू, सांग."

तिला लेबल वाचून दाखवणं सोपं होतं. पण ते पाळण्याचा तोटा तिनं एकटीनं का सोसायचा? डाग नसलेली शेंग तर आपण मागतो!

आज सकाळी ती पुन्हा विहिरीकडच्या ओळीत वाकलेली दिसली. "अजून एक बाजार बघते," म्हणाली, "मग नाय ऐकायची तुझं."

म्हणून सांगते. बाजारात चिकट शेंग हाताला लागली तर टाकू नका. फवारा कधी मारला ते विचारा. मारलाच नसेल, तर त्याच शेंगा घ्या आणि घरी चोळून धुवा.