आमच्या पार्टीतला डबल बास

गावोगाव फिरणाऱ्याकडं किस्से साठतच राहतात. एक सांगायला जावं तर दुसरा मधीच घुसतो. आमची परभणीची भीमगीतांची पार्टी. गौतमदादा गायक अन् मालक, मी कीबोर्डवर. आणि मिलिंद, ज्यानं पुण्याच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून डबल बास आणला, माणसाहून उंच, जाड तारांचं वाद्य!

ऑटोतून उतरवला तेव्हा चादरीत गुंडाळलेला. शेजारच्या मावशी धावत आल्या. "कूलर आणला का रं? पाणी कुठून घालायचं?"

*

मिलिंद जीव तोडून सांगायचा, "याचं निम्मं रूप व्हायोलिनचं, निम्मं व्हायोल नावाच्या जुन्या घराण्याचं. हे उतरते खांदे तिकडचे. जन्म युरोपातला."

ढोलकीवाला सुभाष म्हणला, "म्हंजे आंतरजातीय! मंग आपलाच हाय की!"

*

झरीच्या कार्यक्रमात मिलिंदनं बोटं सोलून घेतली. शेवटी एक आजोबा त्याच्याजवळ आले. "लेकरा, समद्यांनी वाजवलं. तुझा नंबर कवा?"

बासचं कामच तसं, खालून गाणं धरून ठेवायचं. असला की कळत नाही. पण मिलिंदनं नंतर कुणाचा फोन उचलला नाही. मला लय वाईट वाटलं.

*

जीपमध्ये बास आडवा ठेवला की कोरसच्या बायांनी बसायचं कुठं? रोजची कटकट! एक दिवस दादा भडकले, "चारठाण्याला हे धूड न्यायचं न्हाई! कीबोर्डात बासचं बटन हाय, दाबलं की आपसूक वाजतंय. तिथं जमलं, तर मिलिंद, तू दुसरं काम बघ."

मिलिंद रिकाम्या हातानं आमच्यासोबत आला. अन् बटन मलाच दाबायचं होतं!

*

चारठाण्यात दादांनी बाबासाहेबांवरचं गाणं उचललं. आवडत्या शब्दावर रेंगाळायची दादांची सवय. मिलिंद तिथं थांबायचा, दादा परत आले की धरायचा. बटन कुणासाठी थांबतंय! ते पुढं, दादा मागं, सुभाष मधी लटकलेला. टाळ्यांचाही ठेका तुटला. पहिल्या रांगेतली बाई मोठ्यानं म्हणली, "आज काय जमंना गेलंय गं!"

दादांनी हात वर करून गाणं थांबवलं. मला वाटलं, आता माझी खैर नाही.

"मिल्या, इकडं ये."

तो स्टेजवर आला. "दादा, बास तर परभणीला हाय."

"ठाव हाय मला. तोंडानं वाजव!"

दादा आपल्या माइकला कुणाला हात लावू देत नाहीत. तो त्यांनी मिलिंदच्या तोंडापुढं धरला अन् स्वतः बिगर माइकचे गायले.

धूम... धूम धूम...

गाणं संपलं. पब्लिक उठून ओरडायला लागलं, "वन्समोर! धूमवाल्याला वन्समोर!"

अन् सगळ्यांत मोठा आवाज दादांचा!