शेवटच्या बांधीची पाळी

माणूस मुळात स्वार्थी की परोपकारी, हा प्रश्न मी पहिल्यांदा आमच्या ओसरीवर ऐकला. तेव्हापासून पोटभर जेवून हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग आहे.

विचारणारा माझा मोठा भाऊ. नागपूरच्या कॉलेजातून दसऱ्याच्या सुटीत घरी आला होता. त्याचं म्हणणं, माणूस स्वार्थी, बाकी सगळा देखावा. बाबांचं म्हणणं उलट, आणि त्यांचा पुरावा म्हणजे आमचंच घर. तिरोड्याच्या बाजूच्या एका गावचे आम्ही मालगुजार, सारा वसूल करणारे जमीनदार. आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, तळ्याला अगदी लागून. तरी पाणी सुटलं की ते आधी शेवटच्या बांधीला जाई, मग खालून वर येत येत सगळ्यांत शेवटी आमच्याकडे. तीन पिढ्यांचा रिवाज. बाबा म्हणाले, हा परोपकार नाही तर काय? दादा हसला. तळं भरलेलं असलं की मोठेपणा परवडतो, म्हणाला.

मी दाराच्या आत तांदूळ निवडत होते. मिशनच्या इंग्रजी शाळेत दहा वर्षं काढून मी आदल्या वर्षी घरी आले होते. शाळेत विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं शिकवलं होतं, आणि घरी कोणी विचारत नसे.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस आलाच नाही. धान निसवायला आलेलं आणि तळं अर्ध्याच्या खाली. ओसरीवरच्या त्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी बाबांनी पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. तळ्याच्या बांधात पाणी सोडायची दगडी मोरी असते, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तिचे लाकडी खुंटे काढायचा मान त्याचा. बाबांनी सांगितलं, इतकी वर्षं आपण मन मोठं करून शेवटी घेतलं, या वर्षी आधी आपल्या बांध्या.

म्हातारा उभाच राहिला. म्हणाला, "मालक, तुमी आखरीले घेता म्हून तं पाणी आखरीपर्यंत जाते. पयले घेतलं तं खालची नाली कोन पायते?"

"मी पाहीन," बाबा म्हणाले.

"तुमची पाळी बाकी रायते म्हून पायता, जी."

बाबांचा चेहरा उतरलेला मी दारातून पाहिला. त्यांना स्वार्थी म्हटल्याचं लागलं नव्हतं. ते दाते नाहीत, फक्त रांगेत शेवटी उभे आहेत, हे लागलं होतं. मलाही ते तेव्हाच कळलं. ज्या कोणी हा रिवाज घातला, त्याने माणूस चांगला की वाईट याचा निकाल लावलाच नव्हता. ज्याच्या हाताशी तळं, त्याची पाळी शेवटी ठेवली, म्हणजे आपलं पाणी यावं म्हणून तरी तो नाली फुटू देणार नाही. बाबांनी मात्र ते आपलं दान समजून घेतलं होतं, आणि दान काय, केव्हाही परत घेता येतं.

चार दिवस पाणी आमच्या बांध्यांत राहिलं. मग खाली सुटलं, पण आता आमच्या घरातलं कोणी नालीकडे फिरकलं नाही. खेकड्यांनी भोकं पाडली ती तशीच. मधल्या बांधीवाल्यांनी आपापल्या जागी नाली फोडून घेतली, शिवीगाळ झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचलंच नाही. दादा बांधावरून ते पाहून आला आणि खूश होऊन म्हणाला, "बघा बाबा, मी काय म्हणत होतो? हा माणसाचा स्वभाव."

मी तेव्हाही दाराच्या आतच होते. मागच्या वर्षी याच माणसांना मी नालीत गुडघाभर उतरून चिखलाने भोकं बुजवताना पाहिलं होतं, एकमेकांची थट्टा करत. वर्षभरात त्यांचा स्वभाव बदलला होता का? बदलली होती ती पाळी, आणि बदलणारे ओसरीवर पान खात होते. आपण करायचं आणि नाव सगळ्या मनुष्यजातीचं घ्यायचं.

दादा नागपूरला परतला. त्यानंतर शेवटच्या बांधीवाली बाई मागच्या दाराने आली. तिचा नवरा रेल्वेच्या कामावर गेला तो परतलाच नव्हता; घरी म्हातारी सासू, आणि दोघींची वर्षाची भाकर म्हणजे ती एक बांधी. तहसीलच्या साहेबाकडे मराठीत अर्ज केला तर तो कारकुनाच्या हाती पडेल, म्हणाली, आणि कारकून तर तुमच्याकडेच जेवतो.

"इंग्रजीत लिहून द्या बाई. साहेबाले वाचाच लागन."

"बाबांच्या विरुद्ध?" मी विचारलं.

"पाण्याच्या बाजूनं," ती म्हणाली.

मी लिहून दिलं. तिने अंगठा उठवला. अर्ज लिहिताना मला भीती वाटली नाही, दिल्यावर वाटली. रोज दुपारी मी बांधीकडे जाऊन येई. आठव्या दिवशी शेवटच्या बांधीतल्या लोंब्या पांढऱ्या पडल्या. चिमटीत दाबली तर आत काही नाही, नुसतं फोल.

त्यानंतर अर्ज आमच्याच घरी आला. तहसीलने बाबांकडे खुलासा मागायला पाठवला होता. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मला हाक मारली आणि माझ्याच अक्षरातला कागद माझ्या हातात दिला.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. काही गाळलं नाही. मालगुजाराने स्वतःच्या पूर्वजांचा शब्द मोडला, हे वाक्यही सांगितलं. बाबा विचार करत म्हणाले, गावात इंग्रजी येतं कोणाला? स्टेशनावरच्या बाबूनेच लिहून दिलं असणार.

मला शाळेत त्यांनीच घातलं होतं. माझं शिक्षण ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत. तरी इंग्रजी येणाऱ्या माणसांत त्यांना मी आठवले नाही. तो राग आला नसता तर मी बोलले असते की नाही, ठाऊक नाही.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "भाषा शुद्ध आहे ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बाईच्या घरी दोन पोती धान पाठवलं, आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. म्हणजे तिच्या हक्काचं पाणी गेलं ते गेलंच, वर तिला भीक मिळाली आणि ह्यांना नाव. मला वाटलं होतं, ती पोती परत पाठवील. तिने ठेवून घेतली. विहिरीवर भेटली तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहून तिनेच विषय काढला.

"मी धान घेतलो, बाई. कायले नाही घेऊ? उपाशी मरू? पन धान घेतलो म्हून पाळी सोडलो नाही. तुमच्या बाबाले सांगा."

ओसरीवर पाहुणे बसले होते, बाबा दोन पोत्यांची गोष्ट सांगत होते. मी दाराबाहेर आले आणि तिचा निरोप जसाच्या तसा, तिच्याच बोलीत सांगितला. एका पाहुण्याने अडकित्ता खाली ठेवला. माझे कान तापले होते, पण मी लगेच आत गेले नाही.

पुढच्या वर्षी तुडूम उघडायच्या दिवशी म्हातारा खुंट्याला हात लावून वाट पाहत राहिला. बाबा दुसरीकडे पाहत म्हणाले, "खालून."

पुढे बाबा तेही आपल्या मोठेपणाच्या गोष्टींत सांगू लागले. मी ऐकते तेव्हा अजून हातातलं काम थांबतं. त्या दिवशी मी बांधावर होते. पाणी शेवटच्या बांधीत शिरलं, ती भरली. बाईने फावड्याने आपला काठ बंद केला, पाय धुतले आणि सरळ घरी गेली. आमच्या ओसरीवर ती आली नाही.