सूज उतरवायची गोळी

मला पहिली फिट आली ती आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीच्या ठरावाविरुद्ध बोलताना. सेक्रेटरीकडे रोखलेलं माझं बोट आपोआप उडायला लागलं, मग मनगट, मग अख्खा हात. लोकांना वाटलं, काका नेहमीसारखे तापलेत. एकाने तर टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीवरून खाली पडल्यावर मात्र नाशिक रोडच्या त्या सुशिक्षित मंडळींत प्रत्येकजण वैद्य झाला. कुणी माझ्या नाकाला स्वतःची चप्पल लावली. वॉचमन ओरडत होता म्हणे, "कांदा आना, कांदा! लय लवकर शुद्धीवर येतं मानूस." मी शुद्धीवर आलो तेव्हा नाकात दोन्हींचा वास होता आणि टाकीचा ठराव मंजूर झालेला होता.

एमआरआय झाला. डॉक्टर जेमतेम तिशीतला. पडद्यावरचे पांढरे ठिपके दाखवत म्हणाला, "काका, या टेपवर्मच्या अळ्यांच्या पिशव्या आहेत. तुमच्या मेंदूत."

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही," मी म्हणालो. "पिढ्यानपिढ्या यजमानांच्या घरी पूजा सांगणारं घराणं आहे आमचं. रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

तो हसला नाही, याचा मला जास्त राग आला. ज्याच्या पोटात हा जंत आहे त्याने हात नीट न धुता अन्नाला हात लावला, की त्याची बारीक अंडी खाणाऱ्याच्या पोटात जातात, मग खाणारा मांसाहारी असो की माझ्यासारखा, असं त्याने शांतपणे सांगितलं. म्हणजे गेली तीस वर्षं मी हॉटेलात शेजारच्या टेबलावर डोकावून लोकांच्या ताटात काय आहे ते बघत नाक मुरडत होतो, आणि बघायला हवं होतं वाढणाऱ्याच्या नखांकडे.

पुढचं त्याने सांगितलं ते ऐकून तर मला माझ्याच शरीराची कीव आली. अळी जिवंत असते तोवर ती शरीराला बेमालूम फसवून आरामात राहते. वर्षानुवर्षं शरीराला तिचा पत्ता नसतो. ती मरायला लागली की शरीराला एकदम जाग येते आणि ते असं काही तिच्यावर तुटून पडतं, की मेंदूला सूज येते. फिट त्या सुजेमुळे. जिवंतपणी ब्र नाही आणि मरताना मर्दुमकी! असलं नादान शरीर मी पन्नास वर्षं जपलं, तुपाशी खाऊ घातलं.

"अजून तीन पिशव्या जिवंत आहेत," डॉक्टर म्हणाला. "त्या औषधाने मारायच्या. पण मरताना पुन्हा सूज येणार, म्हणून आधीपासून सूज उतरवायची गोळी चालू करायची. ही एक दिवसही चुकवायची नाही. कवटीच्या आत सुजायला जागा नसते, काका. सूज वाढली तर नजर जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो."

कॉलनीत बातमी पसरली आणि कोबीवर बहिष्कार पडला. कोबीतला किडा कानातून मेंदूत चढतो, असं एका निवृत्त प्राचार्यांनी मला माझ्याच सोफ्यावर बसून समजावलं. चुलतभाऊ वावडिंगाची पुडी देऊन गेला. मी त्या सगळ्यांना मनातून आणि काहींना तोंडावर मूर्ख म्हटलं. औषधाच्या दुकानात बायको गेली होती. रोज जेवणानंतर ती वाटीत गोळ्या ठेवायची आणि मी न बघता गिळायचो. कुठली गोळी कशाची, हे बघणं मी माझं काम मानत नव्हतो.

चौथ्या दिवशी डोकं फुटेल असं दुखायला लागलं. उलट्या झाल्या. दाराच्या दोन चौकटी दिसायला लागल्या, आणि मोरीत पुन्हा फिट आली.

दवाखान्यात पडल्या पडल्या मी त्या डॉक्टरला वाट्टेल ते बोललो. शिकाऊ म्हणालो, माणसं मारायचा परवाना घेऊन बसलाय म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाला, "काकू, गोळ्यांची पिशवी दाखवा."

जंत मारायच्या गोळ्या रोजच्या हिशोबाने कमी झाल्या होत्या. फिटच्याही. सूज उतरवायच्या गोळ्यांचं पाकीट मात्र अख्खं होतं. एकही गोळी काढलेली नव्हती.

"दुकानदार म्हणाला, हे स्टिरॉइड आहे," बायको हळू आवाजात म्हणाली. ती जिना चढून आली होती, वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. "अहो, तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही... सगळंच औषध फेकलं असतं. म्हणून मी तेवढी गोळी... बाजूला ठेवली. तुम्हीच म्हणता ना, ते विष असतं."

म्हणतो. सात-आठ वर्षांपूर्वी तिला एका डॉक्टरांनी दम्यासाठी ओढायचा पंप दिला होता. त्यात स्टिरॉइड आहे असं मी कुठल्याशा पुरवणीत वाचलं आणि तिच्या भावासमोर तो पंप कचऱ्याच्या डब्यात टाकला. माझ्या घरात विष नको, म्हणालो. तिने पुन्हा तो कधी आणला नाही. तेव्हापासून थंडीत ती पाठीला तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते. मी त्याला तिची सवय म्हणत आलो. त्या खाटेवर मला पहिल्यांदा स्वतःची शरम वाटली. कोबीवाले प्राचार्य परवडले, त्यांनी निदान कुणाचा श्वास अडवला नव्हता.

डॉक्टरने नर्सला इंजेक्शन सांगितलं. वेळेत आलात, नजर वाचेल, म्हणाला. त्याच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. मग तो माझ्यावरून नजर काढून तिच्याकडे वळला.

"काकू, तुम्हाला बोलतानाही दम लागतोय. हा त्रास आधीपासून आहे का? काही औषध चालू आहे?"

साधा प्रश्न होता आणि तो तिला विचारलेला होता. तिने तोंड उघडलं, पण आधी माझ्याकडे पाहिलं, सांगू का म्हणून.